पेट स्कॅनमध्ये मान उजळली, त्याची हकिगत

हॉजकिन लिम्फोमाचे (लसिका गाठींच्या एका कॅन्सरचे) उपचार संपले, शेवटचा पेट स्कॅन (किरणोत्सर्गी ग्लुकोज टोचून ते शरीरात कुठे जास्त जातं हे बघणारी तपासणी) झाला आणि रिपोर्टमध्ये "मानेत दोन्ही बाजूंना अपटेक", म्हणजे तिथं ते ग्लुकोज जास्त ओढलं गेलंय, असं वाचून पोटात गोळा आला, अशा कुणासाठी तरी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. शरीरशास्त्राचं जे काही पुढे येईल ते मला डॉक्टरांनी समजावलेलं आणि नंतर मी वाचून पक्कं करून घेतलेलं आहे.

गाठ लागली 2024 च्या मे महिन्यात, डाव्या कॉलरबोनच्या वर. सोलापूरचा मे म्हणजे थकवा, घाम, वजन उतरणं, सगळंच उन्हावर ढकलता येतं. आधी टीबीची शंका, मग सुईची तपासणी, तिच्यातून नक्की काही कळेना म्हणून अख्खी गाठ काढून बायोप्सी. केमो सोलापुरातच झाली, महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून. त्यासाठी आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. झेरॉक्सचा एक गठ्ठा कायम पिशवीत ठेवा, दर वेळी कुणीतरी मागतंच. जूनच्या मध्याला सुरू झालेली केमो नोव्हेंबरात संपली. तिच्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे, मी पुढे जाते.

पेट स्कॅन मात्र पुण्याला. उपचारांच्या आधी जूनमध्ये एक झाला होता, त्यात मानेची डावी बाजू आणि छातीतल्या काही गाठी उजळल्या होत्या. मधला ऑगस्टमधला स्कॅन चांगला आला, छाती-मान दोन्ही शांत. राहिला होता शेवटचा, केमो संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी करायचा. स्कॅनचे पैसे आम्ही खिशातून भरले, प्रत्येक वेळी 15 ते 18 हजारांच्या दरम्यान. सेंटरगणिक दर बदलतो, म्हणून चार ठिकाणी फोन करून विचारा आणि सीडी व फिल्मचे पैसे त्यातच धरलेत का तेही विचारून घ्या.

प्रवासाचं एक सांगते, कारण ते अनेकांना माहीत नसतं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना रेल्वेत सेकंड क्लास आणि एसी चेअर कारच्या भाड्यात 75 टक्के सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही. रेल्वेचा ठरलेला नमुना असतो, तो हॉस्पिटलकडून भरून, सही-शिक्का घेऊन आरक्षण खिडकीवर द्यायचा. कुठून कुठे जायचं हे त्यावर लिहिलेलं असतं. ते नीट भरलंय का हे रांगेत उभं राहण्याआधी बघा, नाहीतर खिडकीवरचा माणूस परत पाठवतो आणि सहीवाले डॉक्टर त्या दिवशी रजेवर असतात. एसटीने गेलात तर बायकांना तसंही अर्धं तिकीट आहे.

तर जानेवारी 2025, दुसरा आठवडा. गावात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची लगबग सुरू झालेली. मी आणि धाकटा भाऊ पहाटे अंधारातच स्टेशनवर गेलो आणि हुतात्मा एक्स्प्रेसच्या एसी डब्यात बसलो. सोलापूरची थंडी ती काय, असं बाहेरचे म्हणतील. पण केमोनंतर माझं वजन उतरलेलं, अंगावर मांस नाही, आणि पोटात आदल्या रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही, कारण स्कॅनच्या आधी निदान चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं. सेंटरच्या सूचनापत्रात "सुती, धातूची बटणं नसलेले कपडे" असं लिहिलेलं, तेच घातले होते. थंडीबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

सेंटरवर पोचलो तेव्हा औषधाची गाडी आलेली नव्हती. ही वाट पाहणं पेट स्कॅनच्या नशिबातच आहे. टोचतात ते फ्लोरिन-18 जोडलेलं ग्लुकोज, एफडीजी. त्यातला किरणोत्सर्ग दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून ते जिथं बनतं त्या सायक्लोट्रॉन यंत्रावरून त्याच दिवशी ताजं आणावं लागतं, साठवून ठेवता येत नाही. गाडी रस्त्यात अडकली की सगळ्यांच्या वेळा पुढे सरकतात. रागावून उपयोग नसतो. सोबतच्या माणसाने जेवून घ्यावं, एवढं मात्र बघा. आमचा येडा माझ्यासोबत उपाशी बसला होता.

मग बोटातून साखर तपासली, हाताला सुई लावली, गाऊन दिला आणि एका खोलीत आडवं व्हायला सांगितलं. औषध गेल्यावर तासभर तिथंच शांत पडायचं. बोलायचं नाही, मोबाइल नाही, हालचाल नाही, कारण जो स्नायू काम करतो तो ग्लुकोज खातो आणि चित्रात दिसतो. खोलीतला एसी जोरात होता. पांघरायला पातळ चादर. मी कुडकुडत नव्हते, पण दंडावर काटा आला होता आणि पायाची बोटं गार पडली होती. ब्लँकेट मागितलं तर "संपलेत, थोडाच वेळ आहे मॅडम" असं उत्तर आलं. त्या दिवशी मला हे एवढं महत्त्वाचं वाटलंही नाही. कॅन्सरच्या माणसाला गार लागतंय ही काय तक्रार झाली?

दोन दिवसांनी ई-मेलवर रिपोर्ट आला. छाती स्वच्छ, पोट स्वच्छ, प्लीहा स्वच्छ. आणि मग एक परिच्छेद: मानेत, दोन्ही कॉलरबोनच्या वर आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना वाढलेला अपटेक, बहुधा तपकिरी चरबीमुळे, मात्र डाव्या बाजूच्या लहान गाठीतला अपटेक वेगळा काढता येत नाही, डॉक्टरांनी इतर तपासण्यांशी ताडून पाहावे. "बहुधा" आणि "मात्र" यांच्यामध्ये त्या रात्री मी किती वेळ बसून होते ते विचारू नका. आई म्हणाली, "झोप गं आता, सकाळी डॉक्टरला विचारू की." ती स्वतः झोपली नव्हती.

आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांची वेळ तीन दिवसांनी मिळाली. इथं एक सांगते: नुसता रिपोर्टचा कागद घेऊन जाऊ नका, सीडी घेऊन जा, आणि जुन्या स्कॅनच्या सीडीही. त्यांनी तिन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडली. जूनचं, ऑगस्टचं आणि जानेवारीचं. पहिल्या दोन्हींत मानेत चरबीची काही खूण नाही, दोन्ही स्कॅन उकाड्यातले. तिसऱ्यात दोन्ही खांद्यांच्या आतल्या बाजूने काळे पट्टे उतरलेले (आपण "उजळलं" म्हणतो ते या चित्रात काळं दिसतं).

"ताई, आजार दोन्हीकडे इतका मोजूनमापून सारखा सहसा येत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी पेटच्या चित्रावर सीटीचं चित्र बसवलं आणि एकेका काळ्या ठिपक्यावर बाण नेला. त्या जागी गाठ नव्हतीच, चरबी होती. सीटीवर चरबीची घनता उणे आकड्यात येते, पाण्याहून कमी, त्यामुळे ती लगेच ओळखता येते. फक्त डाव्या बाजूला एका जागी, जिथं माझी मूळ गाठ होती त्याच्या शेजारी, एक सेंटिमीटरच्या आसपासची उरलेली गाठ त्या चरबीत वेढलेली होती. उजेड चरबीचा की गाठीचा, हे तेवढ्या जागेपुरतं कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी विचारलं, "पण चरबी कशी काय उजळते? चरबी तर नुसती पडून असते ना?"

पांढरी चरबी ऊर्जा साठवते, तपकिरी चरबी ती जाळून उष्णता करते. तान्ह्या बाळांत ती भरपूर असते, खांद्याच्या पात्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती; तान्ही बाळं थंडीत आपल्यासारखी कुडकुडत नाहीत, या चरबीवर ऊब धरतात. मोठ्या माणसांत ती उरतच नाही, निदान तिचा उपयोग उरत नाही, अशी बरीच वर्षं समजूत होती. ती मोडली या पेट स्कॅननीच. कॅन्सरच्या रुग्णांच्या मानेत हे पट्टे दिसायचे, ते आखडलेले स्नायू असावेत असं धरलं जायचं. पेटला सीटीची जोड मिळाल्यावर कळलं की त्या जागी स्नायू नाहीतच. 2009 साली मोठ्या माणसांतल्या या चरबीवर एकाच वेळी तीन अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यातल्या बॉस्टनच्या अभ्यासात 1,972 रुग्णांचे 3,640 स्कॅन तपासले होते, त्यात 7.5 टक्के बायकांत आणि 3.1 टक्के पुरुषांत ही चरबी पेटलेली आढळली. वय कमी, अंगकाठी बारीक आणि हवा थंड असेल तर शक्यता वाढते. बाई, वय 31, काडीपैलवान, जानेवारी. मी सगळ्या रकान्यांत बसत होते.

आणि ती आपली आपण पेटत नाही, तिला पेटवतो मेंदू. डॉक्टरांनी फिल्मच्या पाकिटावर पेनाने काढून दाखवलं, ते पाकीट अजून माझ्याकडे आहे. त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांचा निरोप आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येतो, तिथून मेंदूच्या देठातल्या पॉन्समध्ये आणि तिथून हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात, जिथं शरीराच्या तापमानाचा हिशेब ठेवला जातो. अंग उबदार असतं तोवर इथल्या काही पेशी उष्णता निर्माण करणाऱ्या खालच्या केंद्रांना दाबून धरतात. गारठ्याचा निरोप आला की ती पकड सुटते. मग हुकूम हायपोथॅलॅमसच्याच आणखी मागच्या भागातून मेंदूच्या तळाशी मेड्युलातल्या राफे पॅलिडस नावाच्या इवल्याशा पेशीसमूहाकडे जातो, पुन्हा मज्जारज्जूत उतरतो आणि सिम्पथेटिक नसांतून (थंडी-भीतीत आपोआप जाग्या होणाऱ्या नसांतून) थेट त्या चरबीत पोचतो. हे सगळं आपल्याला न विचारता. मी पडल्या पडल्या छताकडे बघत होते तेव्हा हे माझ्या आत चालू होतं.

नसेच्या टोकाला नॉरअॅड्रेनॅलिन नावाचं रसायन सुटतं, ते चरबीच्या पेशीवरच्या बीटा रिसेप्टरना (निरोप घेणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं, पेशी आपल्यातले तेलाचे थेंब फोडते आणि त्यातून सुटलेली फॅटी अॅसिड्स यूसीपी-1 नावाचं प्रथिन जागं करतात. हे प्रथिन काय करतं ते मला उजनीवरून समजलं. धरणातलं पाणी जनित्रातून सोडलं तर वीज होते. शेजारचा दरवाजा उघडून दिला तर पाणी तेवढंच पडतं पण वीज होत नाही. पेशीच्या मायटोकाँड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, एरवी प्रोटॉन ज्या वाटेने जातात तिथं शरीराचं चलन, एटीपी, तयार होतं. यूसीपी-1 शेजारचा दरवाजा उघडतं, एटीपी होत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. असं जळायला इंधन लागतं, म्हणून ती चरबी रक्तातलं ग्लुकोजही ओढते. त्या दिवशी माझ्या रक्तात किरणोत्सर्गी ग्लुकोज होतं, ते तिनं ओढलं, आणि चित्रात मान काळी झाली.

यात नसेचा हात किती मोठा आहे हे कळायला मला एक गोष्ट फार उपयोगी पडली. उंदरांत या चरबीकडे जाणाऱ्या नसा कापल्या तर थंडीत ठेवूनही ती तापत नाही. माणसांतही, एखाद्याच्या एका बाजूच्या सिम्पथेटिक नसा निकामी झालेल्या असल्या तर त्या बाजूची चरबी अंधारात राहते आणि दुसऱ्या बाजूची उजळते, असे रुग्ण नोंदले गेले आहेत. म्हणजे चरबी तीच, थंडी तीच, फक्त निरोप पोचला नाही.

मी भीत भीत विचारलं, "टेन्शनमुळे झालं असेल का? मी फार घाबरले होते." भीतीनेही सिम्पथेटिक नसा जाग्या होतात, हे खरं, काही ठिकाणी म्हणून चिंता कमी करणारी गोळीही देऊन बघितली गेली, पण तिच्यापेक्षा उबेचा भरवसा जास्त, असं ते म्हणाले. हे मी मुद्दाम लिहिते. "तू टेन्शन घेतलंस म्हणून" असं म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. आमच्याकडे आत्या आहेत. भावाने वेगळंच विचारलं, गार पाण्याने आंघोळ केली तर वजन उतरतं का. डॉक्टर हसले आणि म्हणाले, आधी हिचं वजन वाढवा.

पुढचे दोन पर्याय होते. लगेच त्या गाठीची बायोप्सी, किंवा काही आठवडे थांबून नीट ऊब देऊन पुन्हा स्कॅन. गाठ लहान, ऑगस्टचा स्कॅन चांगला, ताप-घाम-खाज काही नाही, म्हणून थांबायचं ठरलं. हे माझ्यापुरतं ठरलं, तुमचे डॉक्टर तुमच्याबाबत वेगळं ठरवू शकतात.

ते आठवडे वाईट गेले. गड्डा आला आणि गेला, नंदीध्वजांची मिरवणूक मी गच्चीवरून ऐकली. आई दर सोमवारी सिद्धेश्वराला जाऊन यायची. कारखान्यात जीएसटीची कामं होती, ती मी वाढवून घेतली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गारठ्यानं कॅन्सर दिसतो होय? मग आम्हाला सगळ्यांनाच असंल की ओ." त्यांना समजावताना मलाच ते पुन्हा नीट समजलं.

दुसरा स्कॅन फेब्रुवारीच्या अखेरीस, त्याच सेंटरवर. या वेळी आधी फोन केला आणि रिसेप्शनवर न थांबता तिथल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांशी बोलायचंय असं सांगितलं. ते बोलले, अगदी मोकळेपणाने. आमच्या डॉक्टरांनी विनंतीपत्रावर लिहून दिलं होतं: आधीच्या स्कॅनमध्ये तपकिरी चरबी सक्रिय, उबदार तयारी व बीटा ब्लॉकरचा (चरबीकडे येणारा निरोप अडवणाऱ्या गोळीचा) विचार व्हावा. ही एक ओळ फार कामाची. पैशांचंही विचारलं तेव्हा त्यांनी थोडी सूट दिली. न विचारता कुणी देत नाही.

पहाटेचा प्रवास टाळून आम्ही आदल्या दिवशी दुपारीच निघालो आणि हडपसरला मावसभावाकडे उतरलो. त्या दिवशी जेवण कमी पिठाचं आणि जास्त तेलातुपाचं घ्यायला सांगितलं होतं. सोलापूरच्या माणसाला भाकरी खाऊ नको म्हणणं म्हणजे शिक्षाच. अंडी, पनीर, पालेभाजी आणि शेंगाची चटणी नुसती चमच्याने खाल्ली. व्यायाम, धावपळ आदल्या दिवसापासून बंद. सकाळी अंगात गरम बनियन, स्वेटर, पायात मोजे, डोक्याला स्कार्फ, आणि आईने कोंबलेली सोलापुरी चादर. रिक्षात घाम येत होता. भाऊ म्हणाला, "ताई, लोक बघायलेत." बघू देत.

सेंटरवर नाडी आणि बीपी बघितलं, दमा आहे का विचारलं आणि प्रोप्रॅनोलॉलची 40 मिलिग्रॅमची गोळी दिली, औषध टोचण्याच्या साधारण तासभर आधी. ही बीटा रिसेप्टर अडवते, म्हणजे मेंदूचा हुकूम नसेतून आला तरी चरबीच्या दारातच अडतो. गोळी स्वतःहून दुकानातून आणून घेऊ नका. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर ती धोक्याची आहे. खोलीतला एसी बंद करायला लावला, चादरीवर ब्लँकेट, आणि टोचण्याच्या आधीपासून ते स्कॅनपर्यंत ऊब मोडू दिली नाही. महत्त्वाचं हेच की टोचल्यावर पांघरूण मिळून भागत नाही, चरबी तोवर कामाला लागलेली असते. गोळीने जरा हलकं हलकं वाटलं, उठताना भावाचा हात धरला. स्कॅन वीस मिनिटांत झाला.

मावसभावाकडे पाच महिन्यांचं बाळ आहे, म्हणून स्कॅननंतर तिकडे गेलो नाही. त्या दिवशी काही तास लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं आणि पाणी भरपूर प्यायचं असतं. थेट स्टेशन गाठलं, जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. मानेत अपटेक नाही. उरलेली गाठ तेवढीच, पण थंड. खाली डोव्हिल स्कोअर 2. गाठ किती उजळते हे सांगणारा हा आकडा 1 ते 5 असतो, उपचार संपल्यावर 1 ते 3 आला तर सहसा समाधानकारक धरतात. रिपोर्टमध्ये तो लिहिलेला नसेल तर लिहून मागा. मी कारखान्यातच होते. शटर अर्धं ओढून पॅकिंगच्या टेबलामागे बसून रडले, मग आईला फोन केला. तिनं आधी विचारलं, "पैसे परत देतेत का पहिल्याचे?"

देत नाहीत. दोन्ही सीड्या, डॉक्टरांनी रेखाटलेलं पाकीट आणि "उबदार तयारी" लिहिलेल्या विनंतीपत्राची झेरॉक्स एका फाइलमध्ये लावली आहे, पुढे कधी स्कॅन लागला तर ती फाइल सोबत न्यायची. पुढची तपासणी जूनमध्ये सोलापुरातच आहे. डॉक्टर हाताने गाठी चाचपतील, सीबीसी आणि ईएसआर या रक्ताच्या तपासण्या होतील, स्कॅन नाही.